गळाच्या काठीची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वोत्तर सीमेवरून वर्धा वाहते आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा. मधल्या पठारावरून बेंबळा वर्धेकडे धावते. पूस, अरुणावती, अडाण, खुनी या पैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी अनेक प्रवाहांवर धरणे झाली, आणि उन्हाळ्यात जेथे डोहाखेरीज पाणी दृष्टीस पडत नसे तेथे मैलोगणती काठ निर्माण झाला. काठ आला की काठावर बसणारा माणूसही आलाच. भोई आणि ढिवर यांच्या जाळ्यांची गोष्ट निराळी. ती उपजीविकेची गोष्ट असून तिला स्वतंत्र भाषण पाहिजे. येथे विचार करावयाचा आहे तो अशा एकट्या माणसाचा, ज्याच्यापाशी नाव नाही, जाळे नाही. आहे ती एक काठी, थोडा दोरा आणि एक गळ.

अशा माणसाने काठी कोणती घ्यावी, हा प्रश्न दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. पण काठी लांब घेतली तर ती पाण्यात दूर पोहोचते खरी, परंतु तासाभरात मनगट दुखू लागते. आखूड घेतली तर हाताला हलकी, पण काठाच्या चिखलापलीकडे आमिष जात नाही. ताठ घेतली तर लहान मासा आमिषाला तोंड लावून गेला तरी हाताला पत्ता लागत नाही. मऊ घेतली तर पत्ता लागतो, पण मोठ्या माशाच्या जबड्यात गळ रुतत नाही. होडीत बसणारा चार काठ्या बरोबर नेऊ शकतो. काठावरून चालणाऱ्याला मात्र एकीवरच सर्व भागवावे लागते, आणि म्हणून तडजोडीचा खरा कस त्याच्याच हातात लागतो. ही तडजोड माणसांनी कशी साधली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला या इतिहासाचा प्रारंभ फार दूर शोधावयास नको. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसरा सोमेश्वर, ज्याने इ. स. ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य केले, त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या सुमाराचा आहे. ग्रंथाच्या पाच विंशती, आणि प्रत्येकीत वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून ते पक्वान्ने कशी रांधावी येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. चौथ्या विंशतीत राजाने मन कसे रमवावे हे सांगितले असून तेथेच मत्स्यविनोद हे प्रकरण येते. माशांच्या जाती, त्या कोठे राहतात, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालून एका ठिकाणी जमवावे, आणि मग गळ टाकून त्यांना कसे धरावे, असा तो क्रम आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी या ग्रंथाचे संपादन केले. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास करून ते जगापुढे मांडले. ज्या मानसोल्लासात मराठी भाषेच्या अतिप्राचीन ओळी सापडतात म्हणून भाषापंडित त्याला मान देतात, त्याच ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या छंदाचे इतके जुने आणि इतके व्यवस्थित वर्णन असावे, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या राजघराण्याचा आणि यवतमाळचा संबंधही केवळ नकाशावरचा नाही. पुसद तालुक्यातील डोंगरगाव येथे शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा शिलालेख मिळाला आहे. तो जगद्देव नावाच्या परमार राजपुत्राच्या काळचा. हा जगद्देव माळव्याचे घर सोडून दक्षिणेत आला आणि सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या सेवेत राहिला. तेव्हा मत्स्यविनोद लिहिला गेला त्याच्या थोडेच आधी पूस नदीचा हा मुलूख त्या राजाच्या सरदाराच्या हाताखाली होता. सोमेश्वराने स्वतः पूस नदीत कधी गळ टाकला किंवा काय, हा प्रश्न मात्र कवीला सोडून द्यावा हे बरे.

राजाचा विनोद आणि काठावरच्या माणसाचा छंद यांत एक मोठे अंतर आहे. राजासाठी मासे आधी खाद्य घालून जमवले जात. मासा राजापाशी येई. सामान्य माणसाला माशापाशी जावे लागते, आणि त्यासाठी त्याचे पहिले साधन म्हणजे वेळू.

यवतमाळच्या सागवानी रानात जो वेळू सापडतो त्याला वनस्पतिशास्त्रात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात. इंग्रज अधिकारी त्याला नर बांबू म्हणत, कारण तो इतर बांबूंसारखा नळीप्रमाणे पोकळ नसतो. त्याची भिंत जाड असते, आणि जागा जितकी कोरडी व खडकाळ तितका तो अधिक भरीव होतो. वऱ्हाडच्या कोरड्या हवेने पिकाचे काय होते ते सर्वश्रुत आहे. वेळूला मात्र ती मानवते. मराठी फौजेतील भाल्यांचे दांडे अशाच वेळूचे असत, आणि इंग्रजांच्या घोडदळानेही आपल्या भाल्यांसाठी हिंदुस्थानातील हाच नर बांबू उचलला. जी काठी घोडेस्वाराच्या धडकेत मोडत नाही ती माशाच्या ओढीने मोडावयाची नाही, हे निराळे सांगावयास नको.

वेळू निवडण्याचे ज्ञान खेड्यापाड्यांतून फार जुने आहे. कोवळा वेळू वाळल्यावर सुरकुततो, म्हणून निदान तीन वर्षांचा घ्यावा. पेरे जवळजवळ असलेला बुडाकडे ठेवावा. हिवाळ्यात, वद्य पक्षात तोडावा म्हणजे त्याला कीड लागत नाही. यातील पक्षाची गोष्ट श्रद्धेची म्हणून सोडून दिली तरी हिवाळ्याची गोष्ट खरी आहे. कीड लागते ती वेळूतील पिष्टामुळे, आणि ऋतुमानाप्रमाणे ते कमीअधिक होत असते. मग काठी विस्तवावर शेकून सरळ करावयाची आणि तिला तेल पाजावयाचे. इतके केले म्हणजे एक दहा-बारा फुटांची काठी तयार होते. ती निर्मळ साधी आहे, आणि तिचा दोषही तितकाच साधा आहे: दोरा तिच्या टोकाला बांधलेला असतो. काठी जितकी लांब, त्याच्या दुपटीपलीकडे तिचे राज्य नाही.

आता याच वेळूची परदेशातील कथा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा एक बंदुका आणि सारंग्या बनवणारा कारागीर होता. अखंड बांबूऐवजी त्याच्या चिरफळ्या काढून, त्या एकमेकींना चिकटवून गळाची काठी करावी, ही कल्पना त्याने १८४० च्या दशकात अमलात आणली. कल्पनेचे मर्म असे की, बांबूची शक्ती त्याच्या गाभ्यात नसून सालीलगतच्या दाट तंतूंत असते. साल बाहेर राहील अशा त्रिकोणी पट्ट्या काढून सहा पट्ट्या जोडल्या तर षट्कोनी, सर्वत्र भरीव अशी काठी होते, आणि पट्टी तासताना ती कोठे जाड व कोठे बारीक ठेवावयाची हे कारागिराच्या हाती राहते. वेळू जसा उगवेल तशी काठी, हा निसर्गाचा हुकूम येथे प्रथम मोडला. काठी कोठे वाकावी हे आता माणूस ठरवू लागला. १८७० च्या दशकात मेन प्रांतातील हायरम लेनर्ड याने सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा धंदा उभा केला आणि पट्ट्या कापण्याचे यंत्रही बनवले.

हा बांबू येत होता हिंदुस्थानातून. व्यापारात त्याला ‘कलकत्ता’ म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून गलबतावर चढे. जाणकारांच्या मते तो बहुतांशी वर सांगितलेला नर बांबूच होता. कलकत्ता शहरात बांबूचे रान नाही. पण ज्या डोंगरात तो उगवला, ज्या हातांनी तो तोडला, शेकला आणि वाहून नेला, त्यांपैकी कशाचाही उल्लेख त्या नावात उरला नाही. त्याच्या अंगावर जळल्याचे काळे डाग असत. अमेरिकन कारागीर त्यांबद्दल कुरकुर करीत आणि ते का पडले याविषयी तऱ्हेतऱ्हेच्या कथा एकमेकांना सांगत. विस्तवावर बांबू शेकताना ज्याने पाहिले आहे त्याला निदान त्या डागांचे फारसे नवल वाटणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या ‘कलकत्त्या’ची जागा ‘टाँकिन’ नावाच्या बांबूने घेतली. त्याची पेरे लांब, गाठी कमी उठावाच्या आणि तंतू अधिक ताठ. गंमत अशी की, तो टाँकिनचा नव्हताच. तो दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताचा. १९३१ साली मॅक्ल्यूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘अमॅबिलिस’, म्हणजे प्रेमळ किंवा मनोहर, असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा कोठे त्या बिचाऱ्याला स्वतःची ओळख मिळाली. हिंदुस्थानी वेळूच्या वाट्याला पुढे आणखीही एक चमत्कारिक योग आला. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत झालेली होती, वास्तविक तो गवताच्या कुळातला. त्यामुळे घरच्या बांधावरचा वेळू तोडून नेण्यासही सरकारी परवान्याची अडचण पडे. रानाबाहेर वाढलेल्या बांबूपुरती ही व्याख्या २०१७ साली बदलण्यात आली.

ज्या माशाने अमेरिकेतील काठीला वळण लावले तो म्हणजे काळा बास. हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा यवतमाळच्या पाण्यातील नव्हे. तो पाणवनस्पतींच्या, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. डॉक्टर जेम्स हेन्शॉल याने १८८१ साली या एकाच माशावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्यासाठी सव्वाआठ फुटांची काठी पुरस्कारली. त्याआधी लोक याहून पुष्कळ लांब आणि बोजड काठ्या वापरीत. पुढे होडीतून डोक्यावरून आमिष फेकणाऱ्यांनी ती आणखी तोडून सहा फुटांवर आणली. होडीवाल्याचा तो निर्णय त्याच्यापुरता योग्य होता. काठावरच्या माणसाने त्याचे अनुकरण केले असते तर ते फसले असते.

हिंदुस्थानात त्याच सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष महसीर माशावर होते. मद्रास इलाख्यातील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळूर येथे छापले, आणि १८८७ साली तळ्यातील गळकामावर दुसरे. नदीवर शिकार म्हणून जाणाऱ्या साहेबापेक्षा गावतळ्याच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या माणसाला हे दुसरे पुस्तकच अधिक जवळचे वाटेल.

काठी सुधारली तरी दोरा फेकण्याची अडचण राहिलीच होती. दोरा ज्या चक्रावर गुंडाळलेला असे ते फेकीबरोबर गरगरा फिरावे लागे. आमिष जड असेल तर ते चक्र ओढून नेई. हलके असेल तर चक्र हलतच नसे, किंवा एकदा फिरू लागले की आमिष पाण्यात पडल्यावरही फिरत राही आणि दोऱ्याचा असा गुंता होई की संध्याकाळ तो सोडवण्यात जावी. म्हणजे लहान, हलक्या आमिषाने दूर फेक करणे जवळजवळ अशक्य होते.

ही गाठ सुटली ती कापडधंद्यातील माणसाकडून. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरी सुताचे मोठे केंद्र. तेथील अल्फ्रेड इलिंगवर्थ हा त्याच धंद्यातला. गिरणीत कांडीवरून सूत निघताना कांडी फिरावीच लागते असे नाही. कांडी स्थिर ठेवून सूत तिच्या टोकावरून ओढले तर ते वेटोळ्यावेटोळ्याने अगदी बिनबोभाट सुटत येते. इलिंगवर्थने ही गोष्ट गळाच्या दोऱ्याला लावली आणि १९०५ साली स्थिर रिळाच्या यंत्राचा हक्क नोंदवला. स्कॉटलंडातील मॅलक याने १८८४ मध्ये रीळ आडवे वळवून या दिशेने एक पाऊल टाकले होतेच; पण पूर्ण उत्तर दिले ते इलिंगवर्थने. फेकताना रीळ जागचे हलत नाही, दोरा टोकावरून घसरत जातो, आणि गुंडाळताना एक फिरता आकडा तो परत रिळावर लपेटतो. जेथे कापसासाठी मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी धावत असे, त्या जिल्ह्यातील श्रोत्याला हे यंत्र समजावून सांगण्यास आकृतीची गरज नाही. घरच्या शिवणयंत्रावरचे सुताचे रीळ हातात आडवे धरून त्याच्या टोकावरून दोरा ओढून पाहावा. संपूर्ण तत्त्व तेवढेच आहे. या प्रकाराला इंग्रजीत जो ‘स्पिनिंग’ शब्द लागला तो मात्र सूतकताईवरून आलेला नाही. पाण्यात गरगर फिरणाऱ्या आमिषावरून तो आधीच रूढ होता. शब्दाने येथे चांगलीच हुलकावणी दिली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व गोष्टी झपाट्याने घडल्या. नायलॉनच्या एकेरी तंतूने रेशमी दोऱ्याला हटवले. १९४७ च्या सुमारास काचतंतूची काठी बाजारात आली, १९४८ मध्ये फ्रान्सचे मिचेल रीळ आले, आणि १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यामुळे टाँकिनच्या बांबूचा पुरवठा तुटला. काचतंतूची काठी स्वस्त आणि न कुजणारी, परंतु काहीशी सुस्त. विमानांसाठी इंग्लंडातील फार्नबरो येथे १९६० च्या दशकात सिद्ध झालेला कर्बतंतू १९७३ साली गळाच्या काठीत आला, आणि हलकेपणा व ताठपणा ही दोन वैरी माणसे प्रथमच एका घरात नांदू लागली.

हलकी काठी, स्थिर रीळ आणि बारीक दोरा ही तिन्ही एकत्र आल्यावरच नाजूक गळकामाची रीत शक्य झाली. पाणी नितळ असावे, पुष्कळ लोकांनी गळ टाकून मासे सावध झालेले असावेत, आणि मोठे चमकते आमिष पाहताच त्यांनी पाठ फिरवावी, अशा ठिकाणी दोन-चार ग्रॅमचे मऊ आमिष तळाशी हळूहळू सरकवावयाचे. अमेरिकेत ही रीत वाढली आणि जपानात तिची नजाकत पराकोटीला गेली. जपानात हा मासा १९२५ साली आकाबोशी तेत्सुमा याने आशी सरोवरात मुद्दाम आणून सोडला. पुढे तो इतका पसरला की तेथील मूळच्या माशांवर संकट आले, आणि २००५ मध्ये कायद्याने त्याला उपद्रवी परदेशी प्राणी ठरवण्यात आले. यवतमाळच्या जलाशयांत असा पाहुणा आणण्याची कोणाला बुद्धी होऊ नये. झडप घालणारे मासे येथे मुळात आहेत: मरळ आहे, शिवडा आहे, शिंगाडा आहे.

आता जो काठावरून चालणार आहे आणि ज्याला एकच काठी घ्यावयाची आहे, त्याच्या पदरात या सर्व इतिहासाने काय टाकले? लांबी सात फुटांच्या आसपास. साडेसहाच्या खाली गेल्यास उताराचा चिखल आणि काठची लव्हाळी ओलांडणे कठीण. साडेसाताच्या वर गेल्यास झाडाच्या फांद्या आणि मनगट दोन्ही तक्रार करतात. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटून काळ्या मातीचा उघडा उतार पडतो. अशा वेळी दोन-चार इंच अधिकच असू द्यावे. ताकद मध्यमाहून किंचित हलकी, म्हणजे दोन ते दहा ग्रॅमपर्यंतचे आमिष जी काठी स्वतःच्या लवचीकपणाने फेकेल अशी. वाक मात्र शेंड्याच्या तिसऱ्या हिश्शात असावा. शेंडा मऊ असल्यामुळे माशाने आमिष नुसते हुंगले तरी कळते, आणि बुडखा ताठ असल्यामुळे हिसका दिल्याबरोबर गळ रुततो. फिलिपने पट्ट्या तासून जे साधले तेच हे. शेंड्याच्या मऊपणावर भाळून बुडखा तपासावयाचे विसरणारे लोक पुष्कळ. दुकानात काठी हलवून पाहण्यापेक्षा तिचे टोक कोणाला तरी खाली ओढावयास सांगून ती कोठे ताठ राहते हे पाहणे शहाणपणाचे.

दोऱ्याच्या कड्यांकडेही लक्ष द्यावे. स्थिर रिळावरून दोरा वेटोळी घेत सुटतो, म्हणून मुठीजवळची पहिली कडी मोठी आणि रिळापासून दूर असावी लागते. ती वेटोळी आवरून पुढच्या लहान कड्यांच्या स्वाधीन करते. ती लहान असेल तर दोरा तेथेच थडकतो आणि महागड्या काठीची फेक दहा हात कमी पडते. काठी दोन तुकड्यांची असल्यास एस. टी. च्या गाडीत आणि सायकलवर सोयीची. जोड नीट बसत असेल तर तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिवाय बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी काठी विकत घेण्याआधी काढावी, कारण ज्यांच्या चुलीचा प्रश्न त्या पाण्याशी बांधलेला आहे त्यांचा हक्क छंदवाल्याच्या आधीचा आहे.

इतके करूनही ही काठी एका ठिकाणी हार खाते. मरळ हवेतील श्वास घेणारा मासा असल्यामुळे उथळ, शेवाळाने आणि कमळवेलींनी भरलेल्या पाण्यात खुशाल राहतो. तेथे त्याने आमिष घेऊन वेलींत बुडी मारली की बारीक दोरा आणि नाजूक शेंडा यांचे काही चालत नाही. त्याला पहिल्याच झटक्यात उचलून बाहेर टाकावे लागते. पुसदकडच्या एखाद्या गावतळ्यावर कर्बतंतूची काठी घेतलेला गृहस्थ तुटलेला दोरा न्याहाळत उभा असावा, आणि पलीकडे तीन वर्षांच्या, हिवाळ्यात तोडलेल्या, तेल पाजलेल्या वेळूच्या काठीने भोयाच्या पोराने मरळ काठावर आपटावी, असे घडणे मुळीच अशक्य नाही.